चाकावर हात ठेवलेली संत कॅथरिन: आर्तेमिझियाचं एक चित्र कसं वाचायचं

जुन्या गोव्याला गेलो की आपण आधी बॉम जीझस चर्चमध्ये सेंट झेवियरचं दर्शन घेतो. मग रस्ता ओलांडून समोरच्या सी कॅथीड्रलमध्ये शिरतो, आत गारवा असतो म्हणून बाकावर जरा टेकतो, पुढच्या सोनेरी वेदीकडे एकदा बघतो आणि शहाळं प्यायला बाहेर पडतो. माझंही एरवी तेच झालं असतं. पण त्या खेपेला बरोबर दहा वर्षांची भाची होती. वेदीवरच्या कोरीवकामाकडे मान उंच करून बघता बघता तिने विचारलं, "मावशी, हे लोक या बाईला काय करतायत?"

मला सांगता आलं नाही. सोन्याच्या मुलाम्यात एक तरुणी दिसत होती, तिच्याभोवती माणसं होती, आणि काहीतरी भयंकर चाललं होतं, एवढंच मला कळलं. ती बाई म्हणजे अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन आणि ते भलंमोठं कॅथीड्रल तिच्याच नावाचं आहे, हे मी घरी आल्यावर वाचलं. तिच्याविषयी वाचत गेले तशी एका चित्रापाशी येऊन थांबले. ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. 1615 ते 1617 च्या दरम्यान फ्लॉरेन्समध्ये आर्तेमिझिया जेंतिलेस्की नावाच्या चित्रकर्तीने कॅथरिनला स्वतःचाच चेहरा देऊन ते काढलं. जेमतेम 71 सेंटिमीटर उंच, म्हणजे घरातल्या भिंतीवर सहज मावेल एवढं. युरोपातली जुनी धार्मिक चित्रं बघताना आपण जिथे अडखळतो, त्या सगळ्या गोष्टी या एका चित्रात समजावून घेता येतात, म्हणून हा लेख त्याच्यावर.

आधी 'हुतात्मा' या शब्दाचं बघू. आपल्या हुतात्मा चौकातला हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. 'हुत' म्हणजे यज्ञात अर्पण केलेलं. ख्रिस्ती परंपरेत यासाठी जो शब्द आला तो मूळ ग्रीक, आणि त्याचा साधा अर्थ आहे साक्षीदार. कोर्टात उभा राहून 'मी हे पाहिलं आहे' असं सांगणारा माणूस. रोमन साम्राज्यात पहिल्या तीनशे वर्षांत ख्रिस्ती लोकांवर अनेकदा खटले चालले. देवांना आणि सम्राटाला धूप वाहा, नाहीतर मरा, असा पर्याय त्यांच्यापुढे असे. जे आपल्या श्रद्धेची साक्ष बदलायला तयार झाले नाहीत आणि त्यापायी मारले गेले, त्यांना हा 'साक्षीदार' शब्द चिकटला, आणि हळूहळू त्याचा अर्थच 'श्रद्धेसाठी मेलेला' असा झाला. आपल्या ओळखीच्या 'शहीद' या अरबी शब्दाच्या पोटातही साक्षच आहे. हा साक्षीचा अर्थ मनात ठेवा. चित्रापाशी पोचल्यावर त्याची गरज लागणार आहे.

आता कॅथरिनची गोष्ट. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात अठरा वर्षांची एक राजकन्या होती, शिकलेली, वादविवादात कुणाला न ऐकणारी. ख्रिस्ती लोकांच्या छळाचा जाब विचारायला ती थेट सम्राट मॅक्सेंटियससमोर गेली. सम्राटाला तिच्याशी बोलताना उत्तरं सुचेनात, म्हणून त्याने पन्नास विद्वान बोलावले. तिने त्या पन्नासांना हरवलं, एवढंच नाही, तर ते सगळे तिच्या बाजूने झाले. सम्राटाने त्यांना जिवंत जाळलं. मग कॅथरिनला चिरडण्यासाठी खिळे आणि दाते बसवलेली चाकं तयार केली. पण तिला त्यांच्याजवळ नेताच चाकं फुटून तुकडे उडाले. शेवटी तलवारीने तिचं डोकं उडवलं, तर मानेतून रक्ताऐवजी दूध वाहिलं, आणि देवदूतांनी तिचा देह उचलून सिनाईच्या डोंगरावर नेला. सिनाईच्या त्या वाळवंटात सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेला मठ आजही आहे आणि तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

ही बाई खरोखर होऊन गेली का? तिच्या काळातला एकही पुरावा नाही. गोष्ट लिहून ठेवलेली सापडते ती काही शतकांनंतर. अलेक्झांड्रियातच 415 मध्ये हायपेशिया नावाच्या विदुषीला ख्रिस्ती जमावाने ठार केलं होतं. तिचीच आठवण उलटी होऊन कॅथरिनच्या गोष्टीत शिरली असावी, असंही काही अभ्यासक म्हणतात. पुराव्याच्या या अडचणीमुळे 1969 मध्ये कॅथलिक चर्चने सार्वत्रिक दिनदर्शिकेतून तिचा सण काढून टाकला आणि 2002 मध्ये ऐच्छिक म्हणून परत घेतला. पण मध्ययुगात तिच्याएवढ्या लोकप्रिय संत थोड्याच होत्या. तेराव्या शतकात संतकथांचा एक संग्रह युरोपभर वाचला जाऊ लागला आणि त्यातून तिची गोष्ट घरोघरी पोचली. विद्यार्थी, तत्त्वज्ञ, चाकं बनवणारे, सूत कातणाऱ्या बायका असे सगळे तिला आपली मानत. इंग्लंडमध्ये तर दिवाळीतल्या भुईचक्रासारख्या गरगर फिरणाऱ्या फटाक्याला अजून 'कॅथरिनचं चाक' म्हणतात.

गोव्यात ती पोचली ती तारखेमुळे. तिचा सण 25 नोव्हेंबरला. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकून घेतला तो याच दिवशी. त्याने विजयाचं श्रेय कॅथरिनला दिलं, तिच्या नावाने चॅपल उभारलं, आणि पुढे कॅथीड्रलही तिचंच झालं. पोर्तुगीज काळात गोव्याच्या राजचिन्हावर तिचं सोनेरी चाक होतं. त्याच विजयानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली आणि अल्बुकर्कने ती स्वतः पत्र लिहून राजाला कळवली. सत्ताधीशाच्या तोंडावर सत्य बोलणाऱ्या मुलीचं चिन्ह एका सत्ताधीशाने विजयाच्या निशाणासारखं मिरवावं, हे मला फार लागतं. कॅथीड्रलचं बांधकाम 1562 मध्ये सुरू झालं आणि इमारत 1619 मध्ये पूर्ण झाली. वेदींचं काम त्यानंतरही बरीच वर्षं चाललं. म्हणजे जुन्या गोव्यात गवंडी कॅथरिनच्या भिंती पुऱ्या करत होते, त्याच सुमाराला फ्लॉरेन्समध्ये एक बाई आरशासमोर बसून कॅथरिन रंगवत होती.

लक्षणांवरून ओळख

आपल्याला देव कसे ओळखू येतात? शंख, चक्र, गदा, पद्म दिसलं की विष्णू. त्रिशूळ आणि डमरू दिसला की शंकर. चेहरा बघायच्या आधीच हातातल्या वस्तू बोलतात. युरोपातल्या संतांचंही तसंच आहे. एक मोठा फरक मात्र आहे. आपले देव स्वतःची आयुधं धरतात. हुतात्मे धरतात ती बहुतेकदा त्यांच्या छळाची खूण. सेबास्टियनच्या अंगात बाण असतात. लॉरेन्सच्या हाताशी लोखंडी जाळी असते, कारण त्याला तिच्यावर भाजलं. बार्थोलोम्यूला जिवंतपणी सोललं, म्हणून कधी कधी तो आपलीच कातडी हातात घेऊन उभा असतो. लुसीच्या हातातल्या तबकात डोळे असतात. पहिल्यांदा बघताना हे अघोरी वाटतं. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या भाविकाला एका नजरेत गोष्ट आठवावी, ही त्यामागची सोय होती.

आर्तेमिझियाच्या चित्रात अशा चार खुणा आहेत. डोक्यावर मुकुट, कारण ती राजकन्या. मागे अगदी बारीक रेषेचं तेजोवलय, कारण ती संत. उजव्या हातात ताडाची झावळी, जी प्राचीन रोममध्ये विजयाची खूण होती आणि पुढे हुतात्म्यांची झाली. डाव्या हाताखाली मोडकं चाक, त्यातून लोखंडी खिळे बाहेर आलेले. या चार गोष्टी दिसल्या की ती कॅथरिनच, इथे शंकेला जागा नाही.

खुणा काढून घेतल्या तर उरतं ते एका बाईचं चित्र. डोक्याला कापड गुंडाळलेली, भरल्या अंगाची, विशीतली बाई. मागे काळोख. उजेड एका बाजूने चेहऱ्यावर आणि हातांवर पडलेला, बाकीचं सावलीत विरत गेलेलं. आणि ती सरळ आपल्याकडे बघते आहे.

हुतात्म्यांचा हंगाम

आर्तेमिझियाची चित्रं ज्या शैलीत मोडतात तिला बरोक म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजमधल्या 'बारोको'वरून आला असं मानतात. बारोको म्हणजे वेडावाकडा, नीट गोल नसलेला मोती. सुमारे 1600 पासून पुढची दीडशे वर्षं युरोपात ज्या प्रकारची कला बहरली तिला हे नाव नंतर, आणि काहीसं नावं ठेवण्यासाठीच, दिलं गेलं. त्याआधीच्या चित्रांत सगळं तोलून मापून, शांत. बरोकमध्ये प्रसंग आपल्या अंगावर येतो. उजेड एकाच दिशेने झोत टाकावा तसा, माणसं अगदी जवळ, चेहऱ्यावर घाम, पायाला माती.

या बदलाला कारण होतं. पोपला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथरनंतर उत्तर युरोपातले अनेक देश पोपपासून फुटले. संतांना कशाला भजायचं, चर्चमध्ये चित्रं आणि मूर्ती कशाला हव्यात, असे प्रश्न ते विचारू लागले. कितीतरी ठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या. कॅथलिक चर्चने ट्रेंट गावी भरवलेली धर्मपरिषद अठरा वर्षं रखडत चालली आणि 1563 मध्ये संपली. तिने उत्तर दिलं: चित्रं हवीतच, पण ती लोकांना समजतील अशी आणि मनाला भिडतील अशी हवीत. मग 1578 मध्ये रोमच्या वेशीबाहेर द्राक्षमळ्याखालच्या जमिनीत जुन्या ख्रिस्ती दफनभूमीचे बोगदे उघडे पडले. 1599 मध्ये संत सेसिलियाची शवपेटी सापडली आणि देह जसाच्या तसा राहिल्याची बातमी पसरली. पुढच्याच वर्षी स्तेफानो मादेर्नोने तिचा कुशीवर पडलेला संगमरवरी पुतळा घडवला. पहिल्या शतकांतले हुतात्मे म्हणजे आता पुराणातली माणसं राहिली नव्हती, ती पायाखाली सापडत होती. त्यामुळे त्या काळातल्या बऱ्याच चित्रकारांनी कुठला ना कुठला हुतात्मा रंगवलेला दिसतो. रोममधला गाजलेला चित्रकार काराव्हाज्जिओ, त्यानेही 1598 च्या सुमारास कॅथरिन रंगवली. ती आज माद्रिदला आहे. तिच्यासाठी त्याने फिल्लिदे नावाच्या, रोममध्ये सगळ्यांना ठाऊक असलेल्या गणिकेला बसवलं होतं.

आर्तेमिझियाचे वडील ओराझिओ हे काराव्हाज्जिओच्या ओळखीतले चित्रकार. आर्तेमिझियाचा जन्म रोममध्ये 1593 साली झाला. ती बारा वर्षांची असताना आई गेली. धाकट्या भावांचं बघत ती वडिलांच्या चित्रशाळेत रंग घोटायला आणि चित्रं काढायला शिकली. सतराव्या वर्षी तिने काढलेलं एक मोठं चित्र आजही टिकून आहे आणि ते बघून कुणी नवशिकी म्हणणार नाही.

बोटं

1611 मध्ये वडिलांच्याच बरोबर काम करणाऱ्या आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. लग्न करतो असं सांगून तो पुढे अनेक महिने तिला झुलवत राहिला. त्याचं आधीच लग्न झालेलं होतं. 1612 मध्ये ओराझिओने थेट पोपकडे दाद मागितली आणि खटला उभा राहिला. तो सात महिने चालला. त्याची कागदपत्रं रोमच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत, त्यामुळे कोण काय म्हणालं ते आपल्याला आज वाचता येतं.

त्या काळच्या न्यायपद्धतीत एक समज होती: छळ सोसूनही साक्ष बदलली नाही तर ती खरी. म्हणून आरोपीची नाही, तक्रार करणाऱ्या मुलीची परीक्षा घेतली गेली. तिचे हात समोर धरून बोटांभोवती दोऱ्या गुंडाळल्या आणि त्या आवळत नेल्या. तास्सी समोरच उभा होता. ती अठरा वर्षांची होती आणि बोटं हीच तिची पुढच्या आयुष्याची शिदोरी होती. दोऱ्या आवळल्या जात असताना ती म्हणत राहिली, "खरं आहे, खरं आहे, खरं आहे." मग तास्सीकडे वळून म्हणाली, "ही तू मला दिलेली अंगठी आणि ही तुझी वचनं."

तास्सी दोषी ठरला. सक्तमजुरी की रोममधून हद्दपारी असं विचारल्यावर त्याने हद्दपारी घेतली, आणि तीही धडपणे अमलात आली नाही. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आर्तेमिझियाचं लग्न पिएरान्तोनिओ स्तियात्तेसी या फ्लॉरेन्सच्या माणसाशी लावून देण्यात आलं आणि ती रोम सोडून गेली.

आता लंडनच्या चित्राकडे परत या आणि बोटांकडे बघा. उजव्या हाताने झावळी धरली आहे ती अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, हलक्या हाताने, छातीजवळ. मी हे चित्र भाचीला फोनवर दाखवलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "हिने ब्रश धरलाय." झावळी आहे ती, असं मी सांगितलं, पण तिचं बघणं मला खोडून काढता आलं नाही. झावळी अशी कुणी धरत नाही. ब्रश मात्र अगदी असाच धरतात. डावा हात चाकावर टेकलेला आहे, बसल्या बसल्या खुर्चीच्या हातावर टेकावा तसा. त्याच्या शेजारीच खिळे वर आले आहेत. ज्या यंत्राने तिला फाडायचं होतं ते आता तिच्या हाताला आधार देतं आहे.

चाकावर टेकायची ही कल्पना आर्तेमिझियाची नव्हे. त्याच नॅशनल गॅलरीत राफाएलने सुमारे 1507 मध्ये काढलेली कॅथरिन आहे. तीही डावा हात चाकावर टेकून, उजवा हात छातीशी घेऊन उभी आहे. पण तिच्यामागे मोकळा निसर्ग आहे, देह नाचातल्यासारखा वळलेला आहे आणि डोळे वर, आकाशातल्या उजेडाकडे लागले आहेत. तिला आपली दखलच नाही, ती देवाशी बोलते आहे. आर्तेमिझियाने तीच मांडणी घेतली, निसर्ग काढून टाकला, काळोख आणला आणि नजर आकाशातून खाली, आपल्यावर आणली.

नजर खाली येताच चित्राचा विषय बदलतो. भक्ती करणारी संत आता साक्ष देणारी होते. साक्ष आकाशाकडे बघून देत नाहीत. ती समोरच्या माणसाला द्यावी लागते, आणि इथे समोर आपण आहोत.

आत्मचरित्र म्हणावं का?

इथे जरा सांभाळून चालायला हवं. आर्तेमिझियाविषयी बोलताना बऱ्याचदा तिचं प्रत्येक चित्र त्या खटल्याला नेऊन बांधतात. शत्रूच्या सेनापतीचं डोकं उडवणाऱ्या बायबलमधल्या ज्युडिथला तिने तलवार दिली की तो तास्सीवरचा सूड, कॅथरिन काढली की ती तिची व्यथा. मला हे अन्यायाचं वाटतं. चाळीसेक वर्षं काम केलेल्या, फ्लॉरेन्स, रोम, व्हेनिस, नेपल्स आणि लंडन इथे राजेरजवाड्यांची कामं घेतलेल्या चित्रकर्तीला आपण तिच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसापुरतं उरवतो.

तिने स्वतःचा चेहरा वापरला त्याला व्यवहाराची कारणं होती. मॉडेलला पैसे द्यावे लागतात, आरशातल्या बाईला नाही. फ्लॉरेन्समधल्या सात-आठ वर्षांत तिला पाच मुलं झाली, त्यातली एकच मुलगी जगली, आणि नवऱ्याची कर्जं वाढत होती. दुसरं म्हणजे, बाई चित्रकार आहे आणि ती मोठी कामं करते, ही शहरात कुतूहलाची गोष्ट होती. आर्तेमिझियाच्या हातचा आर्तेमिझियाचाच चेहरा घरात असावा असं श्रीमंत गिऱ्हाइकांना वाटे. तिला ते कळत होतं आणि तिने त्याचा फायदा घेतला. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या संग्रहालयात तिचं ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या बाईच्या रूपातलं चित्र आहे. चेहरा तोच, डोक्याला गुंडाळलेलं कापडही तसंच. आणि नजर सरळ आपल्याकडे असण्याला आरसा हे अगदी साधं कारण आहे: स्वतःला बघून चित्र काढणाऱ्याचे डोळे समोरच लागणार.

मग साक्षीविषयी मी वर जे लिहिलं ते फोल आहे का? मला तसं वाटत नाही. हेतू व्यवहाराचा असला तरी निवड तिची होती. फ्लॉरेन्सच्याच उफ्फिझी संग्रहालयात तिची आणखी एक कॅथरिन आहे. मुकुट, झावळी, चाक, सगळं तेच. पण तिथे कॅथरिनचे डोळे वर, स्वर्गाकडे लागलेले. ते चित्र 2019 मध्ये फ्लॉरेन्सच्या तज्ज्ञांनी क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा वरच्या रंगाखाली पहिली आकृती दिसली, डोक्याला कापड गुंडाळलेली, लंडनच्या चित्राशी मिळतीजुळती. म्हणजे तिने तशीच सुरुवात केली होती आणि पुढे बदल करत ती रूढ कॅथरिनकडे गेली. वर बघणारी संत रंगवणं तिला व्यवस्थित जमत होतं. त्यामुळे लंडनच्या चित्रातली सरळ नजर ही काही केवळ आरशाची करामत नाही. दुसरा रस्ता माहीत असताना तिने ती ठेवली.

तिने कॅथरिनच का घ्यावी, याचं एक कारण मला खटल्याच्या कागदांतच दिसतं, आणि त्याचा छळाशी संबंध नाही. जबानीत आर्तेमिझियाने सांगितलं होतं की मला लिहिता येत नाही आणि वाचता थोडंसंच येतं. ज्या काळात चित्रकाराच्या मुलीला अक्षर शिकवायची गरज कुणाला वाटली नाही, त्या काळातली ही मुलगी. फ्लॉरेन्सला गेल्यावर ती लिहायला शिकली. 1616 मध्ये तिथल्या चित्रकला अकादमीने तिला सदस्य करून घेतलं, त्या अकादमीतली ती पहिली स्त्री. गॅलिलिओ त्याच अकादमीचा सदस्य होता, आणि 1635 मध्ये तिने त्याला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. पन्नास पंडितांना वादात हरवणारी, विद्यार्थ्यांची आणि विद्वानांची संत या बाईला जवळची वाटली असेल, तर त्यात नवल नाही. कॅथरिन रंगवणारे बहुतेक जण चाक आणि झावळीवर थांबतात. आर्तेमिझियाच्या कॅथरिनने मात्र त्या पन्नासांना खरंच उत्तरं दिली असतील असं तिच्या तोंडाकडे बघून वाटतं. ओठ मिटलेले आहेत, पण ते गप्प बसलेल्या बाईचे ओठ नाहीत.

चित्र गावोगावी गेलं

हे चित्र अनेक दशकं फ्रान्समधल्या एका कुटुंबाकडे होतं. डिसेंबर 2017 मध्ये ते पॅरिसच्या लिलावात आलं, आणि पुढच्या वर्षी नॅशनल गॅलरीने 36 लाख पौंड देऊन विकत घेतलं. त्या वेळी गॅलरीच्या 2,300 हून जास्त चित्रांमध्ये स्त्रियांनी काढलेली चित्रं 20 च्या आसपास होती. त्यांत आर्तेमिझियाचं एकही नव्हतं.

जुने, पिवळे पडलेले वॉर्निशचे थर उतरवून, झिजलेल्या जागा दुरुस्त करून झाल्यावर गॅलरीने 2019 मध्ये एक वेगळी गोष्ट केली. चित्र भिंतीवर कायमचं टांगण्याआधी ते देशभर फिरवलं, आणि तेही संग्रहालयांतून नव्हे. ते ग्लासगोच्या स्त्री-ग्रंथालयात गेलं. यॉर्कशायरमधल्या पॉकलिंग्टन या छोट्या गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलं. न्यूकॅसलच्या मुलींच्या शाळेत गेलं. आणि सरे परगण्यातल्या सेंड इथल्या बायकांच्या तुरुंगातही गेलं. चारशे वर्षांपूर्वी साक्ष देताना जिची बोटं आवळली होती तिचा चेहरा, कोर्टाच्या पायऱ्या चढून उतरून तिथे आलेल्या बायकांसमोर होता. तो प्रसंग मी पाहिलेला नाही, पण या चित्राला त्याहून योग्य खोली मला सुचत नाही.

लंडनला असलेल्या किंवा जाणाऱ्या मराठी माणसांना एक सांगावंसं वाटतं. नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही. आत गेल्यावर दाराशीच विचारून घ्या, कारण चित्रांच्या जागा बदलत असतात. आधी राफाएलच्या कॅथरिनसमोर उभे राहा आणि ती कुठे बघते ते पाहा. मग आर्तेमिझियाकडे या. आधी चाकावरचा हात बघा, मग चिमटीतली झावळी, आणि डोळे सगळ्यात शेवटी.

आणि जुन्या गोव्याला जाल तेव्हा सी कॅथीड्रलच्या वेदीपाशी जरा जास्त वेळ थांबा. आम्ही परत गेलो तेव्हा भाचीनेच आजीला सांगितलं, "ही कॅथरिन. तिला मारायला चाक आणलं होतं, पण ते मोडलं." आजीने विचारलं, मग पुढे काय झालं? "मग तलवारीने मारलं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "पण तोपर्यंत तिचं सगळं बोलून झालं होतं."